शहाबादी फरशीत मुरलेला मांजराचा वास

मराठवाड्यातील माळवदाच्या जुन्या घरांत उन्हाळाभर न जाणवलेला मांजराच्या लघवीचा वास मृगाच्या पहिल्या सरीनंतर अचानक उठतो, कारण लघवीतील यूरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्यात सहसा विरघळत नाहीत आणि हवेत ओलावा येताच त्यांचा दर्प पुन्हा जाणवू लागतो. फिनाइलने तो काही तास झाकला जातो, इतकेच. शिवाय ते मांजरांना अपायकारक असते. रात्री दिवे मालवून अतिनील प्रकाशाची बॅटरी फिरवली, की वाळलेले डाग फिकट पिवळसर चमकतात. बहुधा ते कोनाड्याखाली किंवा फरशीच्या सांध्यांतच सापडतात. तेथे एन्झाइमयुक्त (यूरिक आम्लाचे विघटन करणारे) द्रावण आत मुरेल इतके ओतावे, वर ओले फडके झाकून रात्रभर ठेवावे आणि मग सावकाश वाळू द्यावे. घाईने पुसून काढले, तर पैसे वाया गेले असेच समजावे. व्हिनेगर किंवा लिंबू मात्र वापरू नये, कारण शहाबादी फरशी चुनखडकाची असल्याने आम्लाने तिची झिलई जाते. ब्लीचिंग पावडरही टाळावी. लघवीतील अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू सुटतो. भिंतीचा खालचा गिलावाच भिजलेला असेल, तर तेवढा वीतभर खरवडून नवा करण्याला पर्याय नाही.