सहकुटुंब विमानप्रवासात बिझनेस क्लासचा फरक कधी भरावा

परदेशी निघालेल्या सोलापूरकराचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, तो घराच्या उंबऱ्यावरच सुरू होतो. मुंबईचे विमानतळ येथून सुमारे ४०० किलोमीटरवर आणि हैदराबादजवळचे शमशाबाद ३०० ते ३२५ किलोमीटरवर आहे. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तीन तास आधी तेथे हजर राहावे लागते, त्यामुळे गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला दुपारी बारा-एकच्या सुमारास घर सोडावे लागते. विमानात पाऊल ठेवण्याआधीच मुले चिडचिडी झालेली असतात, आजी-आजोबांचे गुडघे आखडलेले असतात, आणि अशा वेळी मोबाइलवर अपग्रेडचा, म्हणजे जादा पैसे भरून वरच्या वर्गात बसण्याचा, संदेश आला की हात आपोआप पाकिटाकडे जातो. म्हणून हा निर्णय थकव्याच्या भरात घेऊ नये; तिकीट काढण्याच्या दिवशीच घरी बसून, कागदावर आकडे मांडून घ्यावा.

कागदावर पहिली नोंद करावी ती झोपेच्या तासांची. बिझनेस क्लासमध्ये स्वतंत्र रांग, लाउंज, चिनी मातीच्या ताटल्यांतले जेवण, आधी उतरणारे सामान असे पुष्कळ काही मिळते. परंतु कुटुंबासाठी त्यातली खरी मोलाची वस्तू एकच आहे, ती म्हणजे आडवे होऊन झोपता येणे. लाउंजचा लाभ अनेकांना क्रेडिट कार्डावर मिळतच असतो. जैन किंवा शाकाहारी जेवण आधी नोंदवले तर इकॉनॉमीतही मिळते. चाकाच्या खुर्चीची सोय तर कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मागता येते. ती केवळ महागड्या तिकिटावर मिळते असा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे, आणि आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून लाखभर रुपये जादा मोजलेली माणसे मी पाहिली आहेत. गुडघ्यांसाठी नव्हे, पंधरा तास पाय खाली सोडून बसावे लागू नये म्हणून पैसे भरणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पुष्कळदा योग्यही ठरते.

झोपेचे तास मोजताना उड्डाणाचा पूर्ण वेळ धरू नये. विमान वर जाऊन स्थिरावणे, जेवण, दिवे मालवणे, पुन्हा दिवे लावून नाश्ता आणि उतरण्याची तयारी हे सारे वजा केले, तर मुंबई ते न्यूयॉर्क परिसर या १५-१६ तासांच्या थेट उड्डाणात आठ-नऊ तास आणि लंडनच्या साडेनऊ-दहा तासांत जेमतेम पाच तास झोप मिळते; दुबईच्या सव्वातीन तासांत तर तासभरही पदरी पडत नाही. समजा, अमेरिकेच्या एका दिशेसाठी माणशी १,२०,००० रुपये जादा मागितले आहेत. आठ तासांनी भागले तर झोपेचा एक तास १५,००० रुपयांना पडला. चौघांचे कुटुंब असेल तर तोच तास ६०,००० रुपयांचा होतो आणि एका दिशेची एकूण रक्कम ४,८०,००० रुपये होते. एकट्याने प्रवास करणाऱ्या माणसाचे गणित आणि कुटुंबाचे गणित येथे वेगळे होते: सुख एका माणसाचे असले, तरी बिल सगळ्या डोक्यांचे येते.

त्यात कराचाही भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या सर्व वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी वरच्या वर्गांसाठी हा दर १२ टक्के होता. प्रीमियम इकॉनॉमीसुद्धा वरच्याच गटात मोडते. जुन्या प्रवासाचा हिशेब मनात धरून तुलना केली तर फसगत होईल, म्हणून दोन्ही तिकिटांच्या करासह अंतिम रकमाच समोरासमोर ठेवाव्यात.

आसन खरोखर सपाट होते का, हेही आधी तपासावे. बिझनेस क्लास या नावाखाली सगळीकडे एकच माल मिळत नाही. लांब पल्ल्याच्या रुंद विमानांत सहसा पूर्ण सपाट होणारी आसने असतात. एकाच मधल्या वाटेच्या अरुंद विमानांत मात्र बहुतेक वेळा थोडी रुंद आणि थोडी मागे झुकणारी खुर्ची मिळते. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली; तिच्या एम्ब्रेअर विमानातही बिझनेस क्लासच्या आसनांचा छोटा कक्ष असतो, पण तासाभराच्या उड्डाणासाठी कुटुंबाने त्याचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही. मुंबईला जाणाऱ्या वंदे भारत रेल्वेच्या एक्झिक्युटिव्ह डब्याला साध्या चेअर कारच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजताना आपण निदान साडेसहा तासांचा आराम विकत घेत असतो.

कोणाला झोप हवी आहे

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसवून नेले, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे तिकीट बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के असते. आईचे तिकीट बिझनेसचे असेल, तर हे १० टक्केही बिझनेसच्याच भाड्यावर लागतात. शिवाय बाळाचा पाळणा इकॉनॉमीत पुढच्या भिंतीसमोरच्या रांगेत लावता येतो, पण बिझनेसच्या काही आसनरचनांमध्ये तो लावण्याची जागाच नसते किंवा एक-दोनच जागा असतात. पाळणा मिळेल असे लेखी कळल्याशिवाय तान्ह्या बाळासह बिझनेस घेऊ नये. पाळण्याला वजनाची मर्यादा असते, आणि पट्टे बांधण्याची खूण लागली की झोपलेल्या बाळालाही उचलून कुशीत घ्यावे लागते, हेही लक्षात असू द्यावे.

तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पैसे भरणे मला सर्वांत कमी पटते. या वयाचे मूल आईच्या मांडीवर डोके आणि शेजारच्या खुर्चीवर पाय टाकून निवांत झोपते. हाताचे दांडे वर होणारी सलग तीन आसने मिळाली की झाले. मात्र भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेतले दांडे उचलत नाहीत, म्हणून पाळण्याची गरज नसेल तर ती रांग टाळावी. उलट बिझनेसच्या उंच कवचात बसवलेले पाच वर्षांचे मूल रात्री दचकून जागे झाले, तर आईचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग आई स्वतःचा बिछाना सोडून त्याच्या आसनाच्या कडेला बसून राहते आणि दोन बिछान्यांचे पैसे देऊन झोप एकाचीच होते. एक-दोन-एक अशा रचनेत मधली जोडीची आसने मिळाली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. कतार एअरवेजच्या क्यू-सूटमध्ये मधली चार आसने एकत्र करून समोरासमोर बसता येते. चौघांच्या कुटुंबाचा विचार करून केलेली अशी रचना विरळाच. पण तिकीट त्याच रचनेच्या विमानाचे आहे का, हे पाहूनच पैसे भरावेत.

वृद्ध आई-वडिलांची गोष्ट मात्र निराळी. मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाकडे सहा महिने राहण्यासाठी अमेरिकेला जाणारी आजी-आजोबांची जोडी आता सोलापुरात गल्लोगल्ली आढळते. सत्तरीच्या माणसाच्या सुजणाऱ्या पायांना, पाठीला आणि वारंवार उठण्याच्या गरजेला सपाट आसनाचा जो उपयोग आहे, तो घरातल्या दुसऱ्या कोणालाही नाही. कुटुंबातल्या एका-दोघांसाठीच पैसे असतील तर ते येथे खर्च व्हावेत. पण एकट्या आजीला पुढे बसवून बाकी सगळ्यांनी मागे बसू नये. पडदे आणि सरकती दारे असलेल्या त्या कक्षात खुर्ची कोणत्या बटणाने आडवी होते, दिवा कोठून मालवतो, कोणाला हाक मारायची, हे मराठीत सांगणारे कोणी नसते. आणि मागच्या वर्गातल्या मुलाने वरचेवर पुढे येणे कर्मचाऱ्यांना चालत नाही. भिडस्त माणसे मग रात्रभर ताठ बसून राहतात. आजीबरोबर मधल्या जोडीच्या आसनावर घरातले एक माणूस असावे, नाहीतर दोघांनीही इकॉनॉमीत शेजारी बसावे.

घर दोन वर्गांत विभागताना

एका पीएनआरवरील, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावरील, सर्व प्रवासी सामान्यतः एकाच वर्गात असावे लागतात, त्यामुळे काहींना पुढे न्यायचे तर बुकिंग वेगळे करावे लागते. ही फूट विचारपूर्वक पाडावी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील आई-वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी आसन द्यावे, असा निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला आहे; मूल एका पीएनआरवर आणि आई-वडील दोघेही दुसऱ्यावर गेले, तर या निर्देशाचा आधार सुटतो. म्हणून प्रत्येक लहान मुलाबरोबर त्याच बुकिंगमध्ये आई किंवा वडील ठेवावेत. दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडल्याची नोंद कंपनीकडून करून घ्यावी, नाहीतर विमान रद्द झाल्यास अर्धे घर आज आणि अर्धे घर उद्या असा प्रसंग येऊ शकतो.

बोली लावून अपग्रेड मागण्याची पद्धत आता अनेक कंपन्यांत रुळली आहे. तेथे पडद्यावर दिसणारी रक्कम माणशी आणि एका टप्प्याची असते. पहिल्यांदा बोली लावताना मी ती रक्कम साऱ्या कुटुंबाची समजून आनंदाने भरली होती. सूनबाईने शेवटच्या पानावरची बेरीज दाखवली म्हणून वेळेत मागे घेता आली. बोली मंजूर होताच कार्डावरून पैसे जातात आणि ते बहुधा परत मिळत नाहीत. बोली बुकिंगमधल्या सर्वांसाठी एकत्र लागते, म्हणून चौघांसाठी जागा शिल्लक नसेल तर ती नाकारली जाण्याची शक्यता एकट्या प्रवाशापेक्षा जास्त असते. निकाल कधी एक-दोन दिवस आधी, तर कधी काही तास आधी कळतो, म्हणजे आपली गाडी तोवर इंदापूर ओलांडून गेलेली असते. त्यामुळे बोलीच्या भरवशावर मुंबईतला मुक्काम रद्द करू नये. अशा अपग्रेडमध्ये सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहते का आणि लाउंज मिळते का, हे कंपनीच्या अटींत शोधून वाचावे. माइल्स, म्हणजे विमानप्रवासातून खात्यात साठलेले गुण, वापरून अपग्रेड घ्यायचे असेल, तर सर्वांत स्वस्त भाड्याच्या तिकिटांना ती सवलत बहुतेकदा नसते, हे तिकीट काढतानाच पाहावे.

टप्पे वेगळे करता येत असतील तर अवश्य करावेत. मुंबई-दोहा इकॉनॉमीत आणि दोहा-न्यूयॉर्क बिझनेसमध्ये, अशी मांडणी पुष्कळदा निम्म्या पश्चात्तापात पूर्ण आराम देते. जाण्याच्या आणि येण्याच्या दिशेतही निवड करावी. पोहोचल्यावर मुलाच्या घरी दोन दिवस झोपा काढायच्या असतील, तर जाताना इकॉनॉमी चालते. परतताना मात्र मुंबईत उतरून पुन्हा ४०० किलोमीटर जायचे असते.

त्याच पैशात दुसरे काय होते

निर्णयाआधी हा हिशेब मांडलाच पाहिजे. सकाळच्या वंदे भारतने दुपारी मुंबईत पोहोचून विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्रीपर्यंत खोली घेतली, अंघोळ-जेवण-झोप उरकून बाहेर पडले, तर चौघांचे जागरण टळते आणि त्याचा खर्च एका माणसाच्या अपग्रेडच्या छोट्याशा अंशात बसतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीत झोपून जाणे आणखी स्वस्त. परतताना चालकासह गाडी आधी ठरवून ठेवावी; रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलाने स्वतः गाडी चालवण्याचा धोका मुळीच पत्करू नये. उंच माणसासाठी जादा पाय पसरण्याची इकॉनॉमीतली जागा पुरते, फक्त आपत्कालीन दरवाजाची रांग लहान मुलांना आणि वृद्धांना दिली जात नाही.

सामानाचा मुद्दा सोलापूरकरांना विशेष लागू आहे, कारण चादरी, टॉवेल, कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्याशिवाय आपली बॅग भरत नाही. अमेरिकेच्या मार्गावर अनेक कंपन्या इकॉनॉमीत २३ किलोच्या दोन आणि बिझनेसमध्ये ३२ किलोच्या दोन बॅगा देतात, म्हणजे माणशी १८ किलोचा फरक. तेवढ्यासाठी अपग्रेड घेऊ नये. एक जादा बॅग विकत घेण्याचा दर पाहावा, तो कितीतरी कमी असतो. चटणी मोठ्या बॅगेतच ठेवावी, कारण अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातसामानात असेल तर तिची वेगळी तपासणी होते.

पैसे भरायचे ठरलेच, तर त्याच दिवशी आसने निवडून घ्यावीत आणि निघण्याच्या आठवड्यात विमानाचा प्रकार बदलला नाही ना, हे पुन्हा पाहावे. भरलेल्या वर्गातून कंपनीनेच आपल्याला खाली बसवले, तर फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार परतावा मिळतो: देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के व त्यापुढे ७५ टक्के. दोन्ही बोर्डिंग पास, जुना आणि बदललेला, घरी परतेपर्यंत जपून ठेवावेत आणि काउंटरवरच खाली बसवल्याची लेखी नोंद मागून घ्यावी.