शेतात घुसलेला बायकर पडला तर? जमीनमालकाने काय करावं, काय टाळावं

जुलैतला रविवार. पौडच्या पुढे आमची दीड एकर भातशेती आहे, लावणी होऊन आठवडा झालेला. सकाळी साडेसातला चार डर्ट बाईक खाचराच्या बांधावरून निघून गेल्या. पाचवी घसरली आणि खालच्या खाचरात गेली. पोरगा गाडीखाली, बांधाला हातभर खिंडार, वरच्या खाचरातलं पाणी त्याच्या हेल्मेटवरून वाहतंय. शेजारचे तात्या धावत आले ते काठी घेऊन. पोराचा चेहरा बघितला, काठी टाकली आणि गाडी उचलायला हात लावला. मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही. पण त्याचा मित्र आमच्याच रोपांत बूट रोवून म्हणाला, "काका, इथे बोर्ड नको का? आम्ही केस करू शकतो."

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिनाभरात कागद चाळले, वकिलाकडे दोन चकरा मारल्या. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, कुठेही ज्यांची जमीन आहे आणि दर रविवारी इंजिनचा आवाज येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायदा काय बघतो ते

शेतात आगंतुक शिरून जखमी झालेल्या माणसाला मालकाने काय द्यायचं, यावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. न्यायालयं जुन्या कॉमन लॉच्या, म्हणजे इंग्रजी न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याच्या, तत्त्वांवर चालतात. त्यांचं सार असं, की बिनपरवानगी आलेल्यासाठी जमीन सुरक्षित करून ठेवायला मालक बांधील नाही. निसरडा बांध, दगडधोंडे, उतार, ओढा हे शेतात असणारच. मात्र त्याला मुद्दाम इजा करता येत नाही, आणि कुणी येणार हे माहीत असताना सापळाही लावता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३ मध्येच सांगितलंय. बिहारमधल्या एकाने, शेजारची बाई आपला संडास वापरते म्हणून, तिथल्या वाटेत उघडी विजेची तार लावली. तारेला लागून ती बाई दगावली. आरोपीचा बचाव होता की ती माझ्या जागेत घुसली होती. न्यायालय म्हणालं, घुसखोर झाला म्हणून तो कायद्याच्या बाहेर पडत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल शिक्षा कायम राहिली. आज तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

दुसरा दाखला इंग्लंडचा. १९७२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, सहा वर्षांच्या मुलाचं प्रकरण होतं. रेल्वेच्या तुटलेल्या कुंपणातून तो विजेच्या रुळावर गेला होता. मुलं त्या वाटेने येतात हे रेल्वेला ठाऊक होतं, तरी कुंपण तसंच राहिलं. घुसखोराच्या बाबतीतही माणुसकीचं कर्तव्य उरतं, असा निकाल आला. म्हणून तुमच्या बाबतीत प्रश्न दोनच येतात. तुम्हाला काय माहीत होतं? आणि ते माहीत असून तुम्ही काय केलंत?

पायरी १: ती वाट खरंच तुमची आहे का, ते बघा

बोर्ड लावायच्या आधी हे. सातबारा काढा, 'इतर अधिकार' रकान्यात रस्त्याची नोंद आहे का पाहा. मग गाव नकाशा घ्या. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशावरचा रस्ता तुम्हाला बंद करता येणार नाही. पलीकडच्या शेतकऱ्याची जुनी वहिवाट असेल आणि तुम्ही बायकर्सच्या रागात ती अडवलीत, तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाईल. भांडण बायकर्सशी होतं, ते भावकीत येईल.

हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. शेजारी वनखात्याची जमीन असेल तर मोजणी झालीच पाहिजे, कारण त्या बाजूला बोर्ड लावायचा अधिकार तुम्हाला नाही.

एक भीती बरेच जण बोलून दाखवतात: रोज गाड्या गेल्या तर वाटेवर त्यांचा हक्क लागेल का? सुविधाधिकार अधिनियम १८८२ प्रमाणे त्यासाठी २० वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापर लागतो. रविवारी येणाऱ्यांचा तसा वापर सिद्ध होणं अवघड. तरी हरकतीचं एखादं पत्र फाइलला असू द्या.

पायरी २: गाडीवरच्या माणसाच्या नजरेने शेत फिरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेत आपल्या पायाखालचं असतं, म्हणून आपल्याला धोका दिसत नाही. मी पुतण्याला सायकलवर बसवलं आणि त्याच वाटेने सोडलं. गवतात लपलेली बिनकठड्याची विहीर त्याला दहा पावलांवर येईपर्यंत दिसली नाही. ठिबकची जुनी पाइप, जेसीबीने काढलेला चर, गंजलेला तारेचा खांब, हे सगळं त्या दिवशी वहीत लिहिलं.

विहिरीला कठडा बांधा, निदान तात्पुरतं काटेरी कुंपण करा. वापरात नसलेली बोअर बुजवा. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सूचना दिल्यात आणि त्यात जमीनमालकाचीही जबाबदारी आहे. गावातली पोरं खेळायला येत असतील तर काळजी दुप्पट. मूल बोर्ड वाचून थांबत नाही, हे न्यायालयालाही कळतं.

आता तारेबद्दल. वाटेवर आडवी तार बांधणं हा आमच्याकडचा पहिला उपाय, तात्यांनीही तोच सुचवला होता. दोन मिलिमीटरची जीआय तार संध्याकाळच्या उजेडात चाळीसच्या वेगाने येणाऱ्याला दिसत नाही, आणि ती बरोबर गळ्याच्या उंचीवर येते. अडवायचंच असेल तर जाड बांबू किंवा साखळी लावा, त्यावर लाल-पांढरे पट्टे आणि रिफ्लेक्टर, आणि वीस-पंचवीस पावलं आधी बोर्ड. अडसर लांबून दिसला पाहिजे, तरच तो अडसर.

डुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) असेल तर कंपनीचं प्रमाणित यंत्र ठेवा आणि तारेवर धोक्याच्या पाट्या लटकवा. थेट लाइनवरून करंट सोडणं म्हणजे १९६३ चा तो खटला पुन्हा स्वतःवर ओढवून घेणं. रात्री खणलेला आणि पाचोळ्याने झाकलेला खड्डा, खिळ्यांची फळी, वाटेवर ओतलेलं जुनं ऑइल, ही सगळी त्याच जातीची.

पायरी ३: बोर्ड

वाटेच्या दोन्ही टोकांना. मराठीत, आणि हिंदी-इंग्रजीतही, कारण हिंजवडीहून येणाऱ्या सगळ्यांना मराठी वाचता येतं असं नाही. मजकूर नेमका: 'खाजगी शेत, गट क्रमांक अमुक. विनापरवाना प्रवेश बंद. पुढे विहीर आहे, धोका.' नुसतं 'प्रवेश बंद' अर्धं काम करतं, धोक्याचं नाव घेतलेला बोर्ड पूर्ण. 'घुसणाऱ्याचे पाय तोडले जातील' असलं काही लिहू नका. उद्या तोच फोटो तुमच्या हेतूचा पुरावा होईल. बोर्ड लावला की तारखेसह फोटो काढा, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा. आमचा पहिला बोर्ड आठ दिवसांत चोरीला गेला, म्हणून हे सांगतोय.

पायरी ४: एक साधं पत्र

ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या. गाड्यांचे नंबर टिपता आले तर जोडा. बायकर्सचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. एकाशी नीट बोललात तर वाट ग्रुपवरून उतरते, हा माझा अनुभव. कुंपणापेक्षा तो फोन जास्त उपयोगी पडला.

पायरी ५: समोर सापडले तर

थांबवा, बाहेर जायला सांगा, व्हिडिओ करा. सांगूनही हटले नाहीत, शिवीगाळ केली, धमकावलं, तर ११२. न्याय संहितेत फौजदारी अतिक्रमणाचं कलम ३२९ आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, त्रास देण्याचा किंवा धमकावण्याचा. वाट चुकून आलेला त्यात बसत नाही. पीक, बांध, कुंपण तोडलं तर कलम ३२४, आणि नुकसानीचा आकडा २० हजारांवर गेला की शिक्षा वाढते.

गाडीची चावी काढून घेणं, पोराला झाडाला बांधून ठेवणं, 'पैसे टाक मग सोडतो' म्हणणं, यातलं काही करू नका. सामान्य नागरिकाला अटक करता येते ती डोळ्यांदेखत घडलेल्या अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्ह्यात. अतिक्रमण दखलपात्र असलं तरी जामीनपात्र आहे. डांबून ठेवलंत तर कलम १२७ तुमच्यावर लागेल. शेतात शिरलेली गुरं कोंडवाड्यात घालायला १८७१ पासून कायदा आहे, बाईकसाठी कोंडवाडा अजून निघालेला नाही.

पायरी ६: कुणी पडलंच तर

राग नंतर. आधी गाडी बंद करा, पेट्रोल सांडतंय का बघा. हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका. १०८ ला फोन करा, आणि पत्ता सांगताना गट नंबर सांगून भागत नाही: कुठल्या फाट्यावरून वळायचं, ते सांगा आणि फाट्यावर माणूस उभा करा. मदत केली म्हणून आपण अडकू ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने, गाडीच्या अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलंय.

ॲम्ब्युलन्स निघाली की फोटो: बोर्ड, अडसर, चाकांच्या खुणा, फुटलेला बांध, गाडीचा नंबर. बांध त्याच दिवशी दुरुस्त करायची घाई होते, पाणी वाहत असतं, कळतंय. पण आधी फोटो, जमलं तर तलाठ्याला बोलवून पंचनामा, मग फावडं. 'आमची चूक झाली' किंवा 'दवाखान्याचं मी देतो' असं घाबरून लिहून देऊ नका.

पायरी ७: पैशाचं

त्याच्या दवाखान्याचा खर्च त्याचा. बाईकचा थर्ड पार्टी विमा चालवणाऱ्याच्या स्वतःच्या इजेचे पैसे देत नाही, आणि सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. मोडलेल्या मनगटाला त्यातून काही मिळत नाही, म्हणूनच मग बोट जमीनमालकाकडे वळतं. नोटीस आली तर वकिलामार्फत उत्तर द्या, सोबत पायरी २ ते ४ ची फाइल. तुमचं नुकसान तुम्हीही मागू शकता. मी त्या पोराच्या वडिलांना बांधाच्या दोन गड्यांच्या मजुरीचा हिशेब पाठवला. पैसे आले, आणि केसचं नाव पुन्हा निघालं नाही.

आणि परवानगी द्यायची असेल तर

तात्यांच्या डोक्यात नंतर कल्पना आली: गाडीमागे शंभर रुपये घेऊ, सोडू त्यांना, नाहीतरी येतातच. मी म्हटलं, तात्या, शंभर घेतले की तो घुसखोर राहत नाही, गिऱ्हाईक होतो. मग वाट सुरक्षित ठेवायची जबाबदारी आपली, ग्राहक आयोगात तक्रारही होऊ शकते, आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बघावी लागेल. 'माझ्या जोखमीवर' अशी सही घेतलीत तरी आपल्या निष्काळजीपणावर ती पांघरूण घालत नाही. फुकट आणि ओळखीने सोडायचं असेल तर तारीख, वाट आणि गाड्यांची संख्या लिहून द्या, आणि विहीर कुठे आहे ते त्यात नमूद करा.

"मग राहू दे," तात्या म्हणाले. यंदा त्यांनी बांबूला पांढरा रंग दिलाय, आणि विहिरीच्या कठड्याचा दगड ट्रॅक्टरने येऊन पडलाय.