रॉक आणि मेटलसाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प निवडताना

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा: हा गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा) आठवड्यातले बहुतेक दिवस कुठे वाजणार आहे? फ्लॅटमधल्या खोलीत, जॅम रूममध्ये ड्रमसोबत, की स्टेजवर? ‘सगळीकडे’ हे उत्तर चालत नाही. तेच उत्तर मनात धरून मी १०० वॉटचं हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) घरी आणलं आणि तीन वर्षं त्याचा मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) एकच्या खाली ठेवून वाजवलं. तिथे नॉब केसभर सरकवला की आवाज एकतर गायब व्हायचा, नाहीतर थेट शेजारच्या बैठकीत पोचायचा.

दुसरी पायरी म्हणजे आवाज नेमका कुठे फाटायला (डिस्टॉर्ट व्हायला) हवा ते ठरवणं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये अशा जागा दोन: आधी गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणारे छोटे प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्ह (बहुधा १२एएक्स७, यालाच ईसीसी८३ म्हणतात) आणि नंतर स्पीकर हलवणारे मोठे पॉवर व्हॉल्व्ह. १९६०च्या दशकातल्या मार्शलना मास्टर व्हॉल्यूम नव्हता. त्यांचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण उघडला की पॉवर व्हॉल्व्ह दाबाखाली यायचे आणि आपण ज्याला क्लासिक रॉक म्हणतो तो आवाज निघायचा. मार्शलनं १९७५ मध्ये २२०३ या मॉडेलला मास्टर व्हॉल्यूम दिला. १९८१ पासून हेच मॉडेल जेसीएम८०० या नावाखाली विकलं गेलं. पुढे सोल्डानो एसएलओ-१००, मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर, १९९२ चा पीव्ही ५१५० या अ‍ॅम्पांनी प्रीअ‍ॅम्पमध्येच एकामागून एक गेन स्टेज (सिग्नल वाढवणारे टप्पे) रचले. मेटलचा आवाज मुख्यतः तिथे बनतो.

म्हणून सल्लाही दोन तऱ्हेचा. जुना रॉक हवा असेल तर कमी वॉटचा, साध्या रचनेचा अ‍ॅम्प घ्या. ईएल८४ या पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी साधारण १५ वॉट देते. फ्लॅटमध्ये पूर्ण उघडायला तेही जास्तच आहेत, पण जॅम रूममध्ये शोभतात. मेटलसाठी उलट. पॉवर सेक्शन स्वच्छ राहायला हवा, नाहीतर खालच्या सुरांचा चिखल होतो. ५० वॉट पुष्कळ झाले. १०० वॉट म्हणजे ५० च्या दुप्पट आवाज, हा समज सोडून द्या. फरक फक्त ३ डेसिबलचा आहे. कानाला दुप्पट वाटायला वॉट सुमारे दहापट लागतात.

आता परीक्षा. मी सगळ्यात जास्त इथेच चुकले आणि इतरांनाही इथेच चुकताना बघते, म्हणून सविस्तर सांगते.

आपली गिटार, आपली केबल आणि आपलं ट्यूनिंग घेऊन जा. ड्रॉप सी (तारा सैल करून खाली उतरवलेलं ट्यूनिंग) वाजवत असाल तर दुकानातल्या स्टँडर्ड ट्यूनिंगच्या गिटारवर काहीही कळणार नाही. विक्रेत्याला वाजवून दाखवू देऊ नका; तो अ‍ॅम्पला शोभेल तेच वाजवणार. रिव्हर्ब बंद, पेडल काढलेले. बेस, मिड, ट्रेबल तिन्ही मध्यावर, गेन चार-पाचवर. कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) जमिनीवर असेल तर खुर्चीवर उचलून ठेवा. स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात. अ‍ॅम्प खाली असला की ते गुडघ्यांना लागतात आणि तुम्ही उभ्या उभ्या ट्रेबल वाढवत बसता. आवाज ड्रमसोबत टिकेल इतका ठेवा. दुकानदार तेवढं वाजवू देत नसेल तर जॅम रूम भाड्यानं घेऊन अ‍ॅम्प तिथे ऐकायची परवानगी मागा. तीही मिळाली नाही, तर तो अ‍ॅम्प मी घेणार नाही.

मग सगळ्यात जाड तारेवर पाम म्यूट करून (तळहाताची कड तारेवर टेकवून) एक रिफ वाजवा आणि मध्येच थांबा. आवाज किती मोठा आहे याकडे लक्ष देऊ नका, थांबणं ऐका. हात थांबल्याबरोबर आवाज थांबला पाहिजे. मागे ‘भम्म’ असं काही रेंगाळत असेल, तर वेगानं वाजवताना प्रत्येक ठोक्यावर ते साचत जाईल. आता गेन हळूहळू वाढवा. एका जागी ठोके एकमेकांत मिसळू लागतील. तिथून थोडं मागे या. ती तुमची खरी मर्यादा. नॉबवर दहा आकडे आहेत म्हणून दहापर्यंत जायचं नसतं.

असं का होतं? खालच्या सुरांचा झोत सगळ्यात मोठा असतो, गेन स्टेजवर पहिल्यांदा तोच आदळतो आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. बहुतेक हाय-गेन अ‍ॅम्पांमध्ये बेसचा नॉब या स्टेजच्या नंतर असतो. एकदा फाटून भरडलेला बेस नंतर कमी केला तरी स्पष्ट होत नाही. तो आधीच कापावा लागतो. म्हणून मेटलवाले अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर नावाचं ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल जवळजवळ पूर्ण. त्यातून डिस्टॉर्शन घ्यायचं नसतं, बेस छाटून मिड पुढे आणायचा असतो. पहिली फेरी पेडलशिवाय, दुसरी पेडल लावून. ड्युअल रेक्टिफायरसारखा सैल बेसचा अ‍ॅम्प दुसऱ्या फेरीत बदलून जातो, आणि त्यात काही गैर नाही. पेडलचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

आणि मिड शून्यावर नेऊ नका. कृपा करून नेऊ नका. घरी हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून बेस आठवर आणि मिड शून्यावर ठेवलं की अ‍ॅम्प भव्य वाटतो. मी दोन वर्षं तसंच वाजवलं. मग एका रिहर्सलचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात ड्रम होते, बेस गिटार होती, गाणं होतं. मी कुठेच नव्हते. बेस चारवर, मिड सहावर आणि गेन दोन आकडे खाली आणल्यावर मी पहिल्यांदा बँडमध्ये ऐकू आले. तेव्हा जो आवाज एकट्यानं ऐकताना थोडा उग्र, नाकातला वाटतो, त्यावर भरवसा ठेवा.

रॉकवाल्यांसाठी आणखी एक परीक्षा: गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. आवाज साफ होत गेला तर अ‍ॅम्प चांगला. फक्त लहान झाला तर पुढचा बघा.

पॉवर व्हॉल्व्ह ईएल३४ की ६एल६ यावर वाद घालू नका. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) बदलल्यानं त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. मेटलला मागून बंद असलेलं. स्पीकरचे वॉट मात्र तपासाच: सेलेस्टियन ग्रीनबॅक एक असेल तर तो २५ वॉटचा, ५० वॉटच्या हेडनं जळू शकेल.

डिले (प्रतिध्वनीचं पेडल) वापरत असाल तर इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायची जागा) हवाच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून अ‍ॅम्प मागवताना मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो अ‍ॅम्पच्या वॉटपेक्षा बराच मोठा, कारण १०० वॉटचा अ‍ॅम्प सॉकेटमधून १०० वॉटपेक्षा खूप जास्त वीज ओढतो. जुना अ‍ॅम्प घेताना तो किमान अर्धा तास चालू ठेवून ऐका. गरम झाल्यावर कडकड आली किंवा आवाज बसला तर व्यवहार थांबवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. आत ४००-५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये राहतात. पॉवर व्हॉल्व्ह बदलल्यावर फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पचा बायस (व्हॉल्व्हमधून किती वीज वाहावी याची जुळवणी) जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

घरी आणल्यावर पहिल्यांदा स्पीकर जोडा. केबल स्पीकरचीच हवी, गिटारची नको, आणि अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्हीकडचे ओहम (विजेच्या रोधाचा आकडा) जुळलेले हवेत. स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि सगळ्या दुरुस्तीत तोच महाग. त्यानंतर पॉवर, व्हॉल्व्ह गरम व्हायला एक मिनिट थांबून स्टँडबायचा स्विच, आणि शेवटी गिटार.