सी शार्प की डी फ्लॅट? या चुका टाळा

हार्मोनियमवरून कीबोर्डकडे वळलेल्यांना ‘काळी एक’ पक्की ठाऊक असते. तीच पट्टी पाश्चात्त्य नोटेशनमध्ये कधी सी शार्प (सी पेक्षा अर्धा सूर वर), कधी डी फ्लॅट (डी पेक्षा अर्धा सूर खाली) होते. मग “वाजतं तेच ना? काहीही लिहा!” बहुतेक चुका इथूनच निघतात.

एफ मेजर स्केल (सात सुरांची ओळ) घ्या. एफ, जी, ए झाले, चौथा सूर काळी पाच. तिला ए शार्प म्हटलं तर स्केलमध्ये ए दोनदा येतो आणि बी गायब. मेजर-मायनर स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच हवं, म्हणून इथे बी फ्लॅटच. गोंधळ झाला की सातही अक्षरं आधी ओळीने लिहा, शार्प-फ्लॅट नंतर लावा. कर्नाटक संगीतातही एकाच जागेला षट्श्रुती ऋषभ आणि साधारण गांधार अशी दोन नावं आहेत. हिंदुस्थानीत कोमल गंधाराला कुणी तीव्र ऋषभ म्हणत नाही, त्यामुळे आपल्याला हे जड जातं.

शार्प म्हणजे काळी पट्टी, हाही गैरसमजच. एफ शार्प मेजरचा सातवा सूर ई शार्प, म्हणजे चक्क पांढरी चार!

ए मायनरमध्ये ई मेजर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) येते: ई, जी शार्प, बी. तिथे ए फ्लॅट लिहिलात तर कानाला फरक नाही, पण वाचणाऱ्याला कॉर्ड ओळखू येत नाही. स्केलबाहेरचा सूर वर चढत असेल तर बहुधा शार्प, खाली उतरत असेल तर फ्लॅट, एवढं धरून चाला.

फ्लॅट अवघड वाटतात म्हणून सगळं शार्पमध्ये लिहिणारेही भेटतात. ई फ्लॅट मेजरला तीन फ्लॅट पुरतात; तेच डी शार्प मेजर म्हणून लिहिलं तर दोन डबल शार्प (दोनदा शार्प केलेले सूर) गळ्यात पडतात. संगीतकार शोपँच्या ‘रेनड्रॉप’ या पियानोरचनेची (प्रेल्यूड) सुरुवात डी फ्लॅट मेजरमध्ये आहे, मधला भाग मात्र सी शार्प मायनरमध्ये. डी फ्लॅट मायनर वाचायला कुणाला आवडेल?

सॉफ्टवेअरने एफ मेजरच्या चालीत ए शार्प छापला तर घाबरू नका. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्ड संगणकाला सूर कळवतो त्या पद्धतीत, सुराचा फक्त क्रमांक जातो. सी शार्प असो वा डी फ्लॅट, मधल्या सप्तकात दोन्ही 61. नाव सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. आधी की सिग्नेचर (सुरुवातीला लिहायचे त्या स्केलचे शार्प-फ्लॅट) नीट निवडा, मग उरलेले सूर हाताने सुधारा.