डाळिंबाची लहान झाडं आहेत ना? पाऊस उघडलाय, आता वळण लावून घ्या

परतीचा पाऊस गेला, दुपारचं ऊन कडक पडायला लागलंय, तर सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरसकडं ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षात डाळिंब लावलंय त्यांनी आता सिकेटर (छाटणीची कात्री) बाहेर काढा. बहाराची म्हणजे फळं धरायच्या वेळची छाटणी वेगळी, ती आत्ता नको. लहान झाडाला फक्त वळण द्यायचंय आणि ते आत्ता दिलं नाही तर पुढं मनगटाएवढ्या फांद्या करवतीनं कापाव्या लागतात, त्या जखमा लवकर भरत नाहीत.

एकाच खोडावर झाड ठेवू नका. बुडातून आलेल्यातली तीन-चार जोमदार खोडं, एकमेकांपासून फाकलेली अशी निवडा, बाकीची काढा. उद्या एखाद्या खोडात खोडकिडा घुसला तरी बाकीच्यांवर झाड उभं राहतं. खोड दोन-अडीच फुटाचं झालं की शेंडा खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंतचं सगळं साफ ठेवा, कारण पावसाचे थेंब आपटून माती वर उडते आणि तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) तिथनंच चढतो. बुडातले फुटवे दर पंधरा-वीस दिवसांनी बघायचे, कोवळे असताना काढले तर जखमच होत नाही म्हणल्यासारखं, आणि हे काम मजूर मिळेना म्हणून लोक दिवाळीपासून शिमग्यापर्यंत लांबवतात ते लय चुकीचं आहे.

पण उत्साहाच्या भरात झाड बोडकं करू नका! सोलापूरचं ऊन एप्रिल-मे मध्ये 42-43 अंशावर जातं, उघड्या खोडाची साल भाजते, तडकते. पश्चिमेकडच्या फांद्या जरा दाट राहू द्या, मधल्या एकमेकीला घासणाऱ्या आणि आत वळलेल्या तेवढ्या काढा. कापताना खुंटी ठेवायची नाही, ती वाळते आणि कूज आत उतरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेल्या कात्रीवरनं पसरतो, हे माहीत असून शंभर झाडं एकाच कात्रीनं सरळ कापत जाणारे बघितले की जीव तुटतो. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी बादलीत जवळ ठेवा, दर झाडाला कात्री बुडवा, दोन कात्र्या असल्या की खोळंबा होत नाही, संध्याकाळी धुऊन तेल लावा नाहीतर गंजते. दव वाळल्यावरच काम सुरू करा. रोगट झाडं शेवटी घ्या. कापलेलं सगळं बागेबाहेर नेऊन नष्ट करा, बांधावर ढीग लावून ठेवू नका.

छाटणी झाली की त्याच दिवशी एक टक्का बोर्डो फवारा, म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात वेगवेगळं भिजवून मग एकत्र ओता, लोखंडी भांडं नको. तयार झालं की त्यात स्वच्छ लोखंडी खिळा धरा, तांबूस झाला तर चुन्याची निवळी अजून घाला. मोठ्या जखमांना तेवढ्यावर भागत नाही, तिथं दहा टक्क्याची पेस्ट लावा (10 लिटरला 1-1 किलो). बोर्डो दुसऱ्या दिवशी वापरू नका.

फळाचं म्हणाल तर दोन वर्षाच्या आत कळी दिसली तरी तोडून टाका. दोन-चार क्रेटसाठी झाडाची वाढ थांबते. शंका असली तर सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या जवळच आहे, जाऊन विचारा.

बांधावर आंब्याची कलमं असली तर त्यांच्याकडंही बघा, कलमाच्या जोडाखालचे फुटवे लगेच काढायचे नाहीतर खुंटाचं म्हणजे खालच्या मूळ रोपाचंच झाड होतं आणि कलम मरतं, मोहरही पहिली तीन वर्षं खुडायचा.