पंपघराची राखण: कुलपाआधी कोयंडा

विहिरीवरच्या पंपघरात स्टार्टर, केबलचे वेटोळे, फवारणीचा पंप आणि ठिबकचे सुटे भाग असे सगळेच ठेवलेले असते, आणि त्याची राखण करायची म्हटले की प्रथम बाजारातून जाडजूड कुलूप आणले जाते. प्रत्यक्षात पहार घालून उचकटला जातो तो कोयंडा, कारण तो चार आखूड स्क्रूंवर बसवलेला असतो. म्हणून खर्चाची सुरुवात कोयंड्यापासून करावी.

कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा, आतून रुंद लोखंडी पट्टी घेऊन नट आवळावेत आणि बोल्टाचे उरलेले टोक हातोडीने ठोकून पसरवावे, म्हणजे नट फिरत नाही. कुलपाची कडी आखूड असावी. दार लोखंडी असेल, तर कुलपाभोवती जाड पाइपाचा तुकडा वेल्डिंग करून घ्यावा. किल्ली घालण्यापुरता हात आत गेला पाहिजे, पण कटरचा जबडा कडीपर्यंत पोहोचता कामा नये. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील, तर त्यांच्या बाजूने दाराच्या कडेवर आतून 12 मिलिमीटर सळईचे दोन खुंट असे बसवावेत, की दार लावताना ते चौकटीतल्या छिद्रांत शिरतील. मग बिजागरी कापली तरी दार ओढून निघत नाही.

छपराकडे सहसा कोणी पाहत नाही. पत्रे ज्या हूक बोल्टांनी आवळलेले असतात, त्यांचे नट वरच असतात आणि साध्या पान्याने सुटतात. पत्र्याखाली सळयांची जाळी भिंतीत पक्की करणे हाच खात्रीचा उपाय आहे.

भोंगा घरच्या घरी करता येतो. दारावर चुंबक, चौकटीवर चुंबकाने चालणारा स्विच, 12 व्होल्टचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), भोंगा आणि 7 अँपिअर-तासांची बॅटरी एवढेच साहित्य लागते. दार बंद असताना स्विचमधून रिलेला वीज मिळत राहावी आणि ती तुटताच भोंगा वाजावा, अशी जोडणी करावी. त्यामुळे दार उघडले किंवा स्विचची तार कापली, तरी आवाज होतो. रिले सुमारे 30 मिलिअँपिअर सतत घेत असल्याने भरलेली बॅटरीही साधारण नऊ दिवसांत उतरते, तेव्हा चार्ज कंट्रोलरसह (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारे उपकरण) 10 वॉटचे लहान सौर पॅनेल जोडावेच. बॅटरी आणि भोंगा हाताला सहज लागणार नाहीत इतक्या उंचीवर, आतल्या बाजूस असावेत. शेतात रात्री माणूस नसेल, तर भोंग्याचा आवाज वस्तीपर्यंत पोहोचतो का, हे आधी तपासावे. एरवी तो फक्त कुत्र्यांना उठवील.

दाराला किंवा कुंपणाला थेट वीज सोडण्याचा विचारही करू नये. तो गुन्हा आहे, आणि पहाटे पाणी द्यायला आलेला घरचाच माणूस त्यात सापडू शकतो.

चोराचा डोळा मुख्यतः तांब्यावर असतो. खांबापासून स्टार्टरपर्यंतची केबल ॲल्युमिनियमची घेतली, तर मोह बराच कमी होतो, मात्र ती तांब्यापेक्षा जाड घ्यावी लागते. मोटारीच्या अंगावर ठोकायच्या लोखंडी पंचाने स्वतःची खूण उमटवून तिचा आणि अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो बिलासोबत घरी ठेवावा; चोरीला गेलेली मोटार सापडलीच, तर ती आपली आहे हे पोलिसांना दाखवायला त्याचाच उपयोग होतो.