शंभर वर्षांपूर्वीच्या खासगी डिटेक्टिव्हवर कथा लिहिताय? मग या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या रहस्यकथा वाचून निवडायचं काम मी बरीच वर्षं करतोय. हल्ली एक गोष्ट फार दिसते, १९०० ते १९२५ च्या अमेरिकेतला खून, आणि त्याच्या तपासाला नाव बदलून गावात येऊन राहिलेला खासगी डिटेक्टिव्ह, पिंकर्टन नाहीतर बर्न्स या खासगी तपास एजन्सीचा. विषय सोन्यासारखा आहे, मला स्वतःला त्याचं वेड आहे, म्हणूनच तर त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो. पंधरा मिनिटं नेटवर फिरायचं, दोन सिरीज बघायच्या आणि लिहायला बसायचं, असं नाही हो जमत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वेषांतर. आपल्या डोक्यात गुप्तहेर म्हटलं की बहिर्जी नाईक, आज फकीर तर उद्या वासुदेव, आणि ते आपल्या मातीत शोभतंही. पण पिंकर्टनच्या माणसाचं काम बहुरूप्याचं नव्हतंच. एजन्सीत त्याला ऑपरेटिव्ह म्हणायचे, आणि संशयिताच्या गळ्यात गळा घालून त्याला बोलतं करायच्या कामाला रोपिंग. त्यासाठी खोटी दाढी लागत नाही, धंदा लागतो. चार्ली सिरिंगो १८९१-९२ मध्ये आयडाहोच्या खाणकामगारांच्या युनियनमध्ये शिरला, तो आधी स्वतः खाणीत राबला आणि मग त्याच युनियनचा सेक्रेटरी झाला. ओक्लाहोमात ओसेज या मूळ अमेरिकन जमातीतल्या लोकांच्या खुनांचा छडा लावायला १९२५ मध्ये टॉम व्हाइटच्या हाताखाली जी माणसं गुपचूप गेली (ही सरकारी तपास ब्युरोची, म्हणजे पुढच्या एफबीआयची बरं का, खासगी नव्हे, हा घोळही प्रत्येक दुसऱ्या कथेत असतो) त्यातला एक जण विमा एजंट म्हणून गेला आणि तिथं खऱ्याखुऱ्या पॉलिसी विकत होता, बाकीच्यांतले काही गुरांचे व्यापारी बनले होते.

आता हे ‘गुरांचा व्यापारी’ प्रकरण सांगतो, कारण त्यावरून एका पोराशी माझं मोठं वाजलं होतं. इंजिनीअरिंगचा मुलगा, हात चांगला, भाषा चांगली, पण घाई एवढी की विचारू नका. त्याचा डिटेक्टिव्ह सकाळी ओक्लाहोमातल्या फेअरफॅक्स गावात उतरतो, दुपारी स्वतःला गुरांचा व्यापारी म्हणवतो आणि संध्याकाळी सलूनमध्ये बसून विचारतो, अ‍ॅना ब्राउनला कुणी मारलं? (१९२१ मध्ये मारली गेलेली ओसेज बाई ती.) एक तर ओक्लाहोमा १९०७ मध्ये राज्य झालं तेच दारूबंदीसकट, १९२१ मध्ये तिथं उघडं सलून कुठून आणलंस बाबा, चोरटी दारू मिळायची ती वेगळी. पण ते राहू दे. मी म्हटलं, तुझ्या माणसाला गुरांतलं काय कळतं? तो म्हणाला, सर, वाचक एवढं बघत नाही. वाचक बघतो की नाही माहीत नाही, म्हटलं, पण गावातला खुनी बघतो ना.

मग त्याला घेऊन मी बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलो. जाताना सांगितलं, तू गिऱ्हाईक आहेस, मी मध्ये बोलणार नाही. एका खिल्लारीच्या जोडीपाशी तो थांबला, पाठीवर हात फिरवला, किंमत विचारली आणि मोबाईल काढून बैलाच्या तोंडाचा फोटो घेतला. दोर धरून उभा असलेला म्हातारा शांतपणे म्हणाला, “पाव्हणं, तुमाला बैल घ्यायचा नाय.” पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पोरगा गोरामोरा झाला, पण धीर करून त्यानं विचारलं, कशावरून ओळखलंत बाबा? म्हातारा म्हणाला, “दात न बघता कुनी भाव इचारतं व्हय? आन् चालवून बघितला नाय, खूर बघितलं नाय.” शेजारीच एक सौदा चालला होता तो त्यानं दाखवला, दोघांचे हात रुमालाखाली आणि किंमत बोटांवर, तोंडातून चकार शब्द नाही. आदत, दुसा, चौसा ही दातांवरून वयं सांगायची भाषा त्या पोरानं तिथंच वहीत उतरवून घेतली.

दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या कथेत डिटेक्टिव्ह पहिले बारा दिवस खुनाबद्दल एक अक्षर विचारत नव्हता, वासरं घेत होता, तोटा सोसत होता, आणि तेराव्या दिवशी समोरचा माणूस आपणहून अ‍ॅनाचं प्रेत मिळालं त्या नाल्यापाशी काय सापडलं ते सांगायला लागला. ती कथा आम्ही छापली. वाचक कंटाळेल ही भीती सोडा, कंटाळा लेखकाला आलेला असतो आणि तो वाचकाच्या नावावर खपवतो.

आणि गंमत बघा, खोट्या धंद्याचा घोळ खुन्याचाही होतो. आयडाहोचा माजी गव्हर्नर फ्रँक स्टूनेनबर्ग ३० डिसेंबर १९०५ ला कॉल्डवेल गावात स्वतःच्या घराचं फाटक उघडताना बॉम्बनं मेला. ज्यानं तो लावला तो हॅरी ऑर्चर्ड, थॉमस होगन या नावानं सॅराटोगा हॉटेलात उतरला होता आणि मी मेंढ्या खरेदी करायला आलोय असं सांगत फिरत होता. मेंढ्या काही घेतल्या नाहीत. खोलीत बॉम्ब बनवायला वापरलेल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे कण सापडले. कसलेला लेखक एवढ्यावर वीस पानं लिहील.

यावर माझी सवय सांगतो, तुम्हाला पटली तर घ्या. सीन लिहायच्या आधी त्या दिवसाचा रिपोर्ट लिहायचा. ऑपरेटिव्ह खरोखर रोजचा रिपोर्ट लिहून पोस्टानं ऑफिसला पाठवायचे, ऑफिस तो टाइप करून पक्षकाराला द्यायचं, आणि त्यात माणसाचं नाव नसायचं, नंबर असायचा. मी दोनशे पानी वही घेतो. डाव्या पानावर त्यानं खरं काय पाहिलं, उजव्या पानावर त्यानं काय कळवलं, शिवाय खोलीभाडं, जेवण, गाडीभाडं, समोरच्याला पाजलेली सिगार, सगळा खर्च मांडायचा. दोन्ही पानं तंतोतंत जुळली की समजायचं, हा माणूस अजून जिवंत झालेला नाही. पगारावर काम करणारा माणूस रिकामा दिवस रिकामा म्हणून कळवतो का, यातच त्याचा स्वभाव दिसतो. हे रिपोर्ट किती धोक्याचे होते तेही लक्षात घ्या, पिंकर्टनच्या डेन्व्हर ऑफिसात मॉरिस फ्रीडमन नावाचा स्टेनोग्राफर होता, त्यानं नोकरी सोडली आणि १९०७ मध्ये आतल्या रिपोर्टच्या नकला छापून मोकळा झाला. खोटं नाव घेतलेल्या माणसाला खरी भीती आपल्याच ऑफिसातल्या टाइपरायटरची होती, ही भीती मला अजून एकाही मराठी कथेत दिसलेली नाही.

पैसे कोण देतंय हे विसरणं ही दुसरी मोठी चूक. वहीच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहून ठेवा. खासगी डिटेक्टिव्ह न्यायासाठी येत नाही, त्याला कुणीतरी लावलेलं असतं, आणि लावणारा नेहमी साव असतो असं नाही. ओसेज प्रकरणात विल्यम हेल, जो पुढं १९२९ मध्ये दोषी ठरला, त्यानं स्वतःच एक खासगी डिटेक्टिव्ह लावला होता आणि पुढं निघालं ते असं की त्याचं काम तपास करणं नव्हतं, पुरावा झाकणं होतं. उलटंही होतं. १९१३ मध्ये अटलांटाच्या पेन्सिल कारखान्यात मेरी फेगनचा खून झाला तेव्हा कारखान्यानंच पिंकर्टनला बोलावलं, पण त्यांचा माणूस हॅरी स्कॉट पोलिसांच्या बरोबरीनं काम करत राहिला आणि खटल्यात त्याची साक्ष गेली ती कारखान्याचा सुपरिंटेंडंट लिओ फ्रँकच्या विरोधात. ज्याच्या कारखान्याचे पैसे, त्याच्याच विरोधात! हे नाट्य आयतं समोर असताना लोक खोट्या मिशा चिकटवत बसतात.

छोट्या चुका पटापट सांगतो. खासगी डिटेक्टिव्हला पोलिसाचे अधिकार नसतात, त्यामुळे “तुला अटक करतो” हे वाक्य खोडा, त्याला शेरीफकडेच जावं लागतं. डीएनए म्हणजे १९८० च्या पुढची गोष्ट, तरी कुणीतरी डोक्याचा केस प्रयोगशाळेत पाठवतोच. गोळ्या जुळवायचा तुलना-सूक्ष्मदर्शक १९२५ च्या सुमाराचा आहे, १९१० मध्ये नको. बोटांचे ठसे चालतील, पण जपून, शिकागोत १९१० मध्ये क्लॅरेन्स हिलरला मारून पळालेल्या थॉमस जेनिंग्जची बोटं नुकत्याच रंगवलेल्या कठड्याच्या ओल्या रंगात उमटली आणि १९११ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं तो पुरावा मान्य केला, म्हणजे तोवर हे सगळं नवंच होतं. बाईला डिटेक्टिव्ह करायचं तर बिनधास्त करा, केट वॉर्न पिंकर्टनमध्ये १८५६ लाच लागली होती.

डिक्टोग्राफवर मात्र थोडं थांबतो. बर्न्सच्या माणसांनी हे यंत्र गाजवलं, आणि आपले लेखक त्याला टेपरेकॉर्डर समजतात. डिटेक्टिव्ह “रेकॉर्डिंग वाजवून दाखवतो” असं वाचलं की मी तिथंच पेन्सिलीनं फुली मारतो. त्यात काहीही साठत नव्हतं. या खोलीत फर्निचरमागं लपवलेला मायक्रोफोन, भिंतीतून गेलेली तार आणि पलीकडच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेला स्टेनोग्राफर, जो ऐकू येईल ते शॉर्टहँडमध्ये उतरवतोय. म्हणजे पुरावा म्हणजे एका माणसाचा कान आणि त्याची पेन्सिल. बाहेरून टांगा खडखडत गेला तर वाक्य गेलं. पेन्सिलीचं टोक मोडलं तर नाव गेलं. कोर्टात उलटतपासणी होणार ती त्या स्टेनोग्राफरची. नसलेलं रेकॉर्डिंग घालून तुम्ही किती मोठा प्रसंग फुकट घालवता बघा.

आता कबुलीजबाब. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून पोटतिडकीनं सांगतो. ऑर्चर्डला बॉयसीच्या तुरुंगात एकटं कोंडून ठेवलं, मग पिंकर्टनचा म्हातारा डिटेक्टिव्ह जेम्स मॅकपारलंड आला, चांगलं जेवण, सिगार, देवाधर्माच्या गोष्टी, आणि ऑर्चर्डनं स्टूनेनबर्गच काय, आणखी कितीतरी खून कबूल केले आणि खाणकामगार संघटनेच्या पुढाऱ्यांची नावं घेतली. तरुणपणी मी या प्रकरणावर लेख लिहिला आणि नेमका इथं संपवला, कबुली मिळाली, टाळ्या. महिन्याभरात एका निवृत्त शिरस्तेदारांचं पोस्टकार्ड आलं, अक्षर मोत्यासारखं, मजकूर दोन ओळींचा: लेख आवडला, निकाल काय लागला ते कळवावे.

निकाल मी पाहिलाच नव्हता. बिल हेवूड, मॉयर आणि पेटिबोन या तिघा पुढाऱ्यांना फेब्रुवारी १९०६ मध्ये डेन्व्हरहून खास गाडीनं उचलून आयडाहोत आणलं, १९०७ मध्ये बॉयसीत खटला झाला, हेवूडच्या बाजूनं नामांकित वकील क्लॅरेन्स डॅरो उभा राहिला. आयडाहोच्या कायद्यानं गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष एकटी पुरत नाही, तिला बाहेरचा दुजोरा लागतो. ज्याच्याकडून तो मिळायचा होता त्या दुसऱ्या साथीदारानं, स्टीव्ह अ‍ॅडम्सनं कबुली फिरवली. जुलै १९०७ मध्ये ज्युरीनं हेवूडला सोडलं, पेटिबोनही पुढं सुटला आणि मॉयरवरचा खटला मागं घेतला गेला. ऑर्चर्डची फाशी जन्मठेपेवर आली आणि तो तुरुंगातच १९५४ मध्ये मेला. मी मात्र लेखात त्या तिघांना गुन्हेगार करून बसलो होतो. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली आणि तेव्हापासून नियम केलाय, आधी निकाल वाचायचा, मग खटला, मग तपास, आणि खून शेवटी. उलट्या क्रमानं वाचलं की डिटेक्टिव्हच्या शब्दावर आपण भाळत नाही. नवीन पोरांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

काही जण हे सगळं उचलून मुंबईत आणतात, गिरगावात पिंकर्टनची पाटी लावतात. नका लावू. मुंबईची गोष्ट हवी असेल तर १२ जानेवारी १९२५ चा मलबार हिलवरचा व्यापारी अब्दुल कादर बावलाचा खून घ्या, त्याच्याबरोबरच्या, इंदूर दरबारातून पळून आलेल्या मुमताज बेगमला वाचवायला धावले ते गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी, तपास मुंबई पोलिसांचा, आणि धागे थेट इंदूरच्या दरबारापर्यंत, शेवटी १९२६ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. त्यात उसना अमेरिकन डिटेक्टिव्ह कशाला हवा?

आणि एक चूक जी मला सगळ्यात जास्त लागते. मेलेल्या माणसाचं नाव पहिल्या पानावर येतं आणि मग गायब होतं, पुढं सगळी डिटेक्टिव्हचीच हुशारी. अ‍ॅना ब्राउनच्या बहिणीनं, मॉलीनं, अ‍ॅनाच्या पाठोपाठ दोन महिन्यांत आई गमावली, १९२३ मध्ये स्फोटात आणखी एक बहीण गमावली, आणि तेलाच्या पैशातला ओसेज लोकांचा वाटा विकता येत नव्हता, फक्त वारशानंच मिळू शकत होता, म्हणून हे सगळं. कटात मॉलीचा नवराच होता. तिच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाचा एक तरी परिच्छेद लिहा. मेरी फेगन तेरा वर्षांची होती. पेन्सिलींना खोडरबर बसवायच्या पितळी टोप्यांच्या यंत्रावर कामाला होती, पितळ संपलं म्हणून त्या आठवड्यात तिला पुरते दिवस काम मिळालं नव्हतं, आणि २६ एप्रिल १९१३ च्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ती कारखान्यात गेली ती राहिलेला पगार आणायला, एक डॉलर वीस सेंट.